राणीच्या पदरी : एका अपुऱ्या कादंबरीची टिपणं

कादंबरी क्रेमोनात सुरू करायची की थेट स्पेनमध्ये, हे अजून ठरत नाही. नायिका मात्र ठरली आहे. सोफोनिस्बा अंग्विस्सोला. जन्म १५३२ च्या आसपास, उत्तर इटलीतल्या क्रेमोना गावी. १५५९ मध्ये तिला स्पेनच्या दरबारातून बोलावणं आलं. दुसऱ्या फिलिपची नवी राणी इसाबेल फ्रान्सची राजकन्या होती, वय चौदा, चित्रकलेची आवड. तिच्या सोबतीला सोफोनिस्बाला नेमलं गेलं. ती गेली आणि १५७३ पर्यंत राहिली. तेरा वर्षं ती तिथे चित्रं काढत होती. त्या चित्रांवर तिची सही नाही.

मला कादंबरी लिहायची आहे ती या न केलेल्या सहीबद्दल.

०

वडिलांचं नाव आमिलकारे, एकुलत्या मुलाचं आस्द्रुबाले, थोरलीचं सोफोनिस्बा. सगळी नावं कार्थेजच्या इतिहासातली. मूळची सोफोनिस्बा ही कार्थेजची सरदारकन्या. रोमच्या विजययात्रेत बंदी म्हणून मिरवलं जाऊ नये म्हणून तिनं विष घेतलं. पोरीला असं नाव ठेवताना बापाच्या मनात काय असेल?

सहा मुली होत्या घरात. सहा हुंड्यांचा हिशोब कुठल्याही बापाला समोर दिसतो, आमिलकारेलाही दिसला असणार. पण त्यानं मुलींना शिकवलं. १५४६ च्या सुमारास सोफोनिस्बा आणि एलेना या दोघींना बेर्नार्दिनो काम्पी या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. सरदार घराण्यातल्या मुली चित्रकाराच्या घरी शिकायला जातात, ही त्या काळी सवयीची गोष्ट नव्हती. बापाचा स्वार्थ आणि बापाचा अभिमान यांना वेगळं करायचा मोह कादंबरीत टाळायचा. दोन्ही एकाच माणसात होते.

०

१५५७ मध्ये आमिलकारेनं मायकेलअँजेलोला पत्र लिहिलं. तुमचं एखादं रेखाटन पाठवा, माझी मुलगी ते तेलरंगात रंगवून तुम्हाला परत करील. केवढी हिंमत! तेव्हा मायकेलअँजेलो ऐंशीच्या पुढे गेलेला, सगळ्या इटलीनं ज्याच्यापुढे वाकावं असा.

हसणाऱ्या मुलीचं तिचं रेखाटन त्यानं पाहिलं आणि म्हणाला, रडणारा मुलगा काढणं याहून अवघड. तिनं धाकट्या भावाला, आस्द्रुबालेला, रडताना काढलं. नांगीवाल्या चिंगाट्यानं त्याचं बोट पकडलं आहे, तोंड वेडंवाकडं झालं आहे, आणि शेजारची मुलगी त्याला धरून शांतपणे बघते आहे. हे रेखाटन आज नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे.

बायकांना नग्न शरीराचा अभ्यास करायची मुभा नव्हती. म्हणजे देवादिकांची, युद्धांची, मोठमोठी कथाचित्रं तिला बंद. उरले चेहरे. घरातले चेहरे. तिनं त्यांनाच इतकं निरखलं की रडण्याआधी ओठ कसा सरकतो, हे तिला ठाऊक झालं.

०

बुद्धिबळ खेळणाऱ्या बहिणींचं चित्र, १५५५. हे आता पोलंडमध्ये, पोझनानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ल्युसिया, मिनेर्वा, एउरोपा आणि मागे म्हातारी दासी. सगळ्यात लहान एउरोपा खुदकन हसते आहे, कारण मधलीचा डाव फसला आहे. बाहेर बागेत मांडलेलं टेबल, त्यावर गालिचा, अंगावर जरीची वस्त्रं. आणि डोळ्यांत डाव.

पटाच्या कडेवर तिनं लॅटिनमध्ये लिहिलं आहे : कुमारी सोफोनिस्बा, आमिलकारेची मुलगी, हिनं आपल्या तीन बहिणी आणि दासी यांना समोर बसवून काढलं.

मराठीत लिहिताना एक अडचण. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर उभा असतो. युरोपात त्याच घरात राणी उभी असते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथले नियम बदलले आणि पूर्वी एकेक घर तिरकं सरकणारी ही सोंगटी पटावरची सगळ्यात बलाढ्य सोंगटी झाली. तीन मुली खेळत आहेत तो हा नवा खेळ. कादंबरीत 'वजीर' लिहिलं तर वाचकाला चटकन कळेल, पण चित्रातली गोष्ट निघून जाईल. 'राणी'च लिहीन.

०

बोस्टनच्या संग्रहालयात तिचं एक स्वचित्र आहे, जेमतेम सव्वातीन इंच उंच. हातात ढालीसारखी मोठी चकती धरली आहे आणि चकतीच्या कडेनं लिहिलं आहे की हे तिनं स्वतःच्या हातानं, आरशात पाहून, क्रेमोनात काढलं. मध्ये अक्षरांची एक गुंतवळ. त्यात बापाचं नाव असावं असं मानतात.

एवढ्या लहान जागेत तिला सांगायचं होतं : मी, माझ्या हातानं, माझ्या गावात. स्पेनला जाण्याआधीच्या चित्रांवर ती अशी ठायी ठायी सही करते. म्हणून पुढची शांतता इतकी ऐकू येते.

०

आल्बाचा ड्यूक. मिलानमध्ये त्यानं तिच्याकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं (ते हरवलं) आणि तिची शिफारस फिलिपकडे केली. १५५९ च्या जूनमध्ये पॅरिसच्या नोत्र दाममध्ये इसाबेलशी फिलिपच्या वतीनं जो उभा राहिला, तोही हाच. नवरदेव आलाच नव्हता. लग्न प्रतिनिधीकरवी लागलं. त्या लग्नाच्या जल्लोषात भाल्यांचे सामने झाले, राजा आँरी स्वतः उतरला, भाल्याचा तुकडा त्याच्या डोळ्यात घुसला आणि दहा दिवसांनी तो गेला. नवरी बापाचं सुतक घेऊन सासरी आली.

एकाच माणसानं दोन परक्या मुलींना स्पेनमध्ये आणलं, एक चौदाची, एक सत्ताविशीची. त्या दोघींना हे एकमेकींत बोलावंसं वाटलं असेल का? हा प्रसंग लिहायचाच.

०

आता या टिपणवहीतलं मुख्य.

सोफोनिस्बा दरबारी चित्रकार नव्हती. कागदोपत्री ती राणीची सखी होती, राणीवशातली मानकरीण. चित्रकार हा कारागीर. त्याला पगार, कामागणिक मोबदला, हिशोबाच्या वहीत नोंद. कुलीन बाईनं चित्राचे पैसे घेतले तर ती कुलीन राहत नाही. म्हणून तिच्या चित्राला किंमत नाही, पावती नाही, करार नाही. मिळायचं ते भेट म्हणून : उंची कापड, दागिने. वडिलांना राजाकडून वर्षासन. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर शिरपाव होता, मजुरी नव्हती.

मानाची बाजू मोठी होती, हे कबूल करायला हवं. ती राणीच्या दालनात बसायची, समारंभांत तिची जागा ठरलेली. कुठल्याही पगारी चित्रकाराला हे स्वप्नात मिळालं नसतं.

पण मजुरी नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही आणि सहीही नाही. त्याच वेळी आलोन्सो सांचेस कोएल्लो हा राजाचा पगारी चित्रकार शेजारीच काम करत होता. त्याचं नाव हिशोबात आहे. तिच्या चित्रांच्या नकला त्याच्या हाताखाली होत असत, कारण राजघराण्याचं एक चित्र कधी एकाच प्रतीत थांबत नाही. सोयरे, वकील, मठ, सगळ्यांना हवं असतं. शे-दोनशे वर्षांनी कुणी यादी करायला बसला की त्याच्यापुढे काय असणार? एक सही नसलेलं चित्र आणि एका पुरुषाच्या नावानं भरलेली हिशोबाची वही.

कुणी चोरी केली नाही. कुणी कट केला नाही. मानपानाच्या रीतीनं तिचं नाव गिळलं. मला हे कुठल्याही खलनायकापेक्षा भयंकर वाटतं, आणि कादंबरीत खलनायक घालायचा मोह यासाठीच आवरायचा आहे.

०

'पदरी' हा आपला शब्द किती नेमका आहे. अमका अमक्याच्या पदरी होता. पदराखाली सावली असते, आणि पदराखालचं माणूस बाहेरून दिसत नाही.

०

१५६१ मध्ये चौथ्या पायस पोपनं राणीचं चित्र मागवलं. तिनं काढून पाठवलं, सोबत पत्र. राणीच्या मनाचं सौंदर्य कुंचल्यानं दाखवता आलं असतं तर याहून सुंदर काही आपण पाहिलं नसतं, असा त्याचा भावार्थ. पोपचं कौतुकाचं उत्तर आलं. दोन्ही पत्रं वसारीनं १५६८ च्या आपल्या चित्रकार-चरित्रांच्या ग्रंथात छापली. म्हणजे सगळ्या युरोपला ठाऊक होतं की राणीची चित्रं कोण काढतं. हयातीत नाव गाजत होतं. विसर नंतरचा.

०

एक प्रसंग लिहून पाहिला. तोलेदो, १५६० चा हिवाळा.

कोळशाचा तुकडा राणीनं फार घट्ट धरला होता.

"सैल धरा, राणीसाहेब. मोडला तर दुसरा आहे."

राणीनं बोटं सैल केली. कागदावर तिचा डावा हात उतरत होता, अंगठा जरा जास्तच लांब.

"तुम्ही पहिल्यांदा कुणाला काढलंत?"

"बहिणींना. त्या सांगितल्या जागी बसून राहायच्या."

"माझ्याही बहिणी आहेत," राणी म्हणाली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं अंगठा पुसला.

"चेहरे आठवतात मला त्यांचे. हात आठवत नाहीत."

यातलं खरं इतकंच की राणी तिच्याकडे चित्रकला शिकत होती आणि राणीला दोन धाकट्या बहिणी होत्या. बाकी सगळं माझं. हा प्रसंग राहील. यात कुणी कुणाच्या प्रेमात पडत नाही, कुणी विष घालत नाही, आणि तरी मला तो सोडवत नाही.

०

बोलण्याची पंचाईत. 'राणीसाहेब' इथवर ठीक. पण पुढे 'आज्ञा व्हावी', 'मुजरा', 'सरकार' असं येऊ लागलं की माद्रिदचं पुणं होतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या माझ्या कानाला दरबार म्हटला की शनिवारवाडा ऐकू येतो. तीन पानं लिहिली आणि फाडली. आता ठरवलं : राणी तिला 'तुम्ही' म्हणेल, कारण ती गुरू आहे आणि वयानं मोठी आहे. सोफोनिस्बाही 'तुम्ही' म्हणेल. तिच्या पत्रांत ल्युसियाला 'तू'. पुस्तकभर 'तू' फक्त बहिणींसाठी.

ल्युसिया, पटावरची ती मोठी बहीण, चित्रं छान काढायची. सोफोनिस्बा स्पेनमध्ये असतानाच ती गेली. 'तू' तिथेच संपेल.

०

सोफोनिस्बावर इंग्रजीत कादंबऱ्या आहेत. लिन कलन यांची 'द क्रिएशन ऑफ ईव्ह' २०१० ची. तिची सुरुवात रोममध्ये, मायकेलअँजेलोचा मदतनीस तिबेरियो काल्काग्नी याच्याशी जोडलेल्या प्रेमप्रकरणानं होते. तिबेरियो खरा माणूस, प्रेम कल्पित. दरबाराचं वातावरण कलन यांनी चांगलं उभं केलं आहे, राणीचा एकटेपणाही. पण चित्रकार स्त्री म्हटली की आधी तिच्या हृदयात कोण होतं हे शोधायचं, ही सवय मला खटकते. चित्रकार पुरुषांवरच्या कादंबऱ्यांतही प्रेमं असतात, आपल्याकडची रणजित देसाईंची 'राजा रविवर्मा' घ्या. पण तिथे चित्रं काढण्याची ओढ कुठून आली हे प्रेमकथेवरून सिद्ध करावं लागत नाही. ती गृहीतच असते.

माझा नियम : रिकामी जागा भरताना तिच्या हातात कुंचला असला पाहिजे.

०

आणि खरं प्रेम तर इतिहासातच आहे. १५७३ मध्ये राजानं तिचं लग्न सिसिलीच्या फाब्रित्सिओ मोन्कादाशी लावून दिलं. पाचेक वर्षांत तो समुद्रावर मरण पावला. ती माहेरी परत निघाली आणि ज्या जहाजानं निघाली त्याचा कप्तान जेनोआचा ओराझिओ लोमेल्लिनी, वयानं तिच्याहून बराच लहान. १५७९-८० च्या हिवाळ्यात त्यांनी पिसात लग्न केलं. भावाचा विरोध होता. राजाची परवानगी घेतली नव्हती. तिचं वय पंचेचाळिशीच्या पुढे.

भाऊ म्हणजे तोच, चिंगाट्यानं बोट पकडलेला आस्द्रुबाले.

०

काळा रंग. स्पॅनिश दरबार काळ्यात वावरायचा. मेक्सिकोच्या काम्पेचे किनाऱ्यावरून येणाऱ्या लाकडापासून गडद, टिकणारा काळा रंग मिळू लागला आणि तो श्रीमंतीचा रंग झाला. साधं काळं कापड कालांतरानं तपकिरी पडतं. हे पडत नसे. चित्रकाराची कसोटी अशी की काळ्यावर काळं काढायचं : मखमल कुठे संपते, रेशीम कुठे सुरू होतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या तिच्या राणीच्या चित्रात काळा झगा आहे, त्यावर रत्नांच्या ओळी, आणि हातात फिलिपचं लहानसं चित्र. चित्रात चित्र, बायकोच्या बोटांत नवरा.

क्रेमोनातल्या बहिणींच्या जरीच्या रंगांवरून या काळ्यावर येताना तिच्या डोळ्यांना काय सोसावं लागलं असेल? एक पूर्ण प्रकरण रंग घोटण्यावर.

०

फिलिपचं चित्र, प्रादो. काळे कपडे, उंच काळी टोपी, गळ्यात सोनेरी मेंढ्याचं मानचिन्ह, हातात जपमाळ. चेहरा थकलेला, डोळे जवळ येऊ न देणारे. हे चित्र दीर्घकाळ सांचेस कोएल्लोच्या नावावर होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी आणि क्ष-किरणांनी ते तिच्याकडे परत आणलं. तपासणीत दिसलं की मूळ चित्र १५६५ चं, आणि जपमाळ १५७३ मध्ये रंगवली. आधी हाताची ठेवण वेगळी होती. लेपांतोच्या आरमारी विजयानंतर, १५७३ मध्येच पोपनं जपमाळेचा सण नेमून दिला.

म्हणजे दरबार सोडण्याच्या वर्षी ती आठ वर्षांपूर्वीच्या आपल्याच चित्रापुढे उभी राहिली आणि राजाचा हात पुन्हा काढला. मधल्या काळात राणी गेली होती : ३ ऑक्टोबर १५६८, वय तेवीस, मागे दोन लहान मुली. राजानं पुन्हा लग्न केलं होतं. नवी राणी आना हिचं चित्र याच चित्राच्या जोडीला हवं होतं.

कादंबरीचा शेवटून दुसरा प्रसंग हाच. संवाद नकोत. फक्त हात, आणि मण्यांवर पडलेला उजेड.

०

१५८० मध्ये पोर्तुगालचं राज्य फिलिपकडे आलं आणि त्याबरोबर गोवाही. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा राजा काही वर्षं हाच जपमाळवाला होता.

परक्या दरबारातला चित्रकार म्हणाल तर आपल्या शेजारीही होता. हार्लेमचा कॉर्नेलिस हेडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात पोर्तुगिजांच्या कैदेतून सुटून विजापुरात इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहिला आणि तिथेच वारला. त्याच्यावर कुणी तरी लिहायला हवं. मराठीतच लिहायला हवं. वही वेगळी करते.

०

आगी. १६०४ मध्ये एल पार्दोच्या राजवाड्यातलं व्यक्तिचित्रांचं दालन जळालं. १७३४ च्या नाताळाच्या आदल्या रात्री माद्रिदचा आल्काझार जळाला, पाचशेहून अधिक चित्रं गेली. वेलास्केसचं 'लास मेनिनास' वाचलं. तिचं काय काय गेलं, कोण मोजणार? जे नावावर नव्हतं त्याचा शोकही झाला नाही.

०

उलटही घडतं. ग्लासगोच्या पोलोक हाउसमधली फरची शाल घेतलेली बाई आधी एल ग्रेकोच्या नावावर होती. काही अभ्यासकांनी ती सोफोनिस्बाची मानली. तिच्यावरच्या एका कादंबरीला याच चित्राचं नाव आहे, 'लेडी इन अर्मिन', २०१९. त्याच वर्षी तपासणीचा निष्कर्ष आला की हे सांचेस कोएल्लोचं.

मला यात वाईट वाटत नाही. जे तिचं नाही ते तिला नको. तिच्या बाजूनं उभं राहायचं तर पुरावा आपल्याविरुद्ध गेला तरी स्वीकारावा लागतो. माझ्या मसुद्यातून ती शाल काढून टाकली, दोन पानं गेली, चांगली होती.

०

पालेर्मो, १२ जुलै १६२४. पंचवीस वर्षांचा अँथनी व्हॅन डाइक तिच्या घरी आला. त्याच्या वहीत, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिचं रेखाटन आहे, भोवती बारीक अक्षरांत इटालियन टिपणं. त्यानं तिचं वय शहाण्णव लिहिलं. खरं म्हणजे नव्वदीच्या थोडं पुढे. दृष्टी गेलेली, पण बुद्धी आणि स्मृती तल्लख. तो तिचं चित्र काढायला बसला तशी ती त्याला सूचना करू लागली : उजेड फार वरून घेऊ नकोस, सुरकुत्यांच्या सावल्या मोठ्या होतात.

तो सिसिलीत आला होता तिथल्या व्हाइसरॉयचं, सव्हॉयच्या एमान्युएल फिलिबेर्तोचं, चित्र काढायला. हा व्हाइसरॉय कोण? इसाबेलच्या धाकट्या मुलीचा मुलगा. कोळसा घट्ट धरणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या राणीचा नातू. गावात प्लेग होता. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉय त्यातच गेला.

प्रकरणं कुठल्या क्रमानं लावायची ते आज सुटलं. कादंबरी इथे सुरू होईल, वहीवर वाकलेल्या या तरुणापासून. तिला त्याचा चेहरा नीट दिसत नाही, पण उजेड कुठून येतो आहे ते कळतं.

०

नोव्हेंबर १६२५ मध्ये ती वारली. जेनोआकरांच्या सान जोर्जो चर्चमध्ये, पालेर्मोतच, तिला पुरलं. सात वर्षांनी, १६३२ मध्ये, म्हणजे तिच्या जन्माला शंभर वर्षं होत होती तेव्हा, ओराझिओनं थडग्यावर शिळा बसवली. तिच्यावर लॅटिनमध्ये तिचं नाव आहे, तिच्या माहेरच्या अंग्विस्सोला घराण्याचं नाव आहे, आणि माणसांच्या प्रतिमा उतरवण्यात ती थोर होती, असं कोरलं आहे.